टीव्हीसमोरच्या माना

कुकरचं झाकण.

सोफ्याच्या फटीत संत्र्याची बी.

पंचावन्न इंच.

तोंडाशी थांबलेला घास.

टीव्हीखाली मांडलेला पाळणा.

आमच्या घराण्यात एकाग्रता आहे.

हे शेवटचं शरच्चंद्रांचं. घराण्यात सांगण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे ते दिवसातून चारदा तरी म्हणत. धरमपेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्ही सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या नंतर निजे. सून दामिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघे. टीव्ही नाही, टीव्ही बघणारे. त्यात करमणूक जास्त होती. किळसही.

चार वर्षं. जावेचा ऋषिकेश. टीव्हीकडे पाठ करून ट्रक फिरवी. गाणं वाजलं की मान वर, गाणं संपलं की पुन्हा ट्रक. त्या घरातला एवढा एकच शहाणा.

छत्तीस. नवरा, अपूर्व. वरण शर्टावर सांडलं तरी नजर हलायची नाही. तान्हेपणी क्षणभर बघून दुसरीकडे वळणारा डोळा वाढत वाढत शेवटी असा थिजतो, आणि त्याला माणूस मोठा झाला असं म्हणतात.

बहात्तर. सासरे. बघता बघता घोरत. रिमोट काढून घेतला की डोळे मिटूनच म्हणत, मी पाहून राहिलो.

दहा महिने. गोपिका. दामिनीची. या वयाची बाळं पडद्यावर काही चमकलं की बघतात आणि लगेच पायाचा अंगठा तोंडात घालतात. ही मात्र मोठ्यांसारखी एकटक. कामठीचे पाहुणे आले की सासूबाई, कुसुमताई, तिला टीव्हीसमोर बसवून दाखवत. पाहुणे मागून हाका मारत. गोपिका ढिम्म. सगळे कौतुकाने हसत, आणि शरच्चंद्रांचं ते वाक्य येई.

कान तपासून घेऊ, असं दामिनीने दोनदा सुचवलं. पोरीत खोट शोधणारी आई आजच पाहिली, असं कुसुमताईंनी ऐकवलं. अपूर्व म्हणाला, मॅच संपल्यावर बोलू. त्या घरात मॅच संपत नसत.

शनिवारी दुपारी सगळे पडद्यासमोर असताना दामिनीने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. चित्र चालूच. सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, घोरणारीसुद्धा.

"आवाज काहून बंद केला वं?" अपूर्व म्हणाला.

एक मान वळली नव्हती. दामिनी गोपिकेच्या मागे गेली आणि कुकरचं झाकण फरशीवर आपटलं. ऋषिकेश रडायला लागला. सासऱ्यांचा चष्मा मांडीवर पडला. गोपिका पडद्यावरच्या चेंडूमागे धावणारा माणूस बघत राहिली.

 मग शरच्चंद्र पुटपुटले, "एकाग्रता आहे..."

"बाबा, तिले ऐकू येत नाही," दामिनी म्हणाली. "तुम्हाले येते. म्हणून तुम्ही वळले."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. अपूर्व उठला आणि गाडीची चावी शोधू लागला. शोधता शोधता त्याची नजर स्कोअरवर गेली आणि तिथेच राहिली. दामिनीने मुलीला कडेवर घेतलं आणि दवाखान्यात जायला ऑटो बघायला खाली उतरली.

हा पंचावन्न इंची टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने आवाज शेवटपर्यंत वाढवून दाखवला, तेव्हा गोपिका दीड महिन्याची होती. खालच्या पाळण्यात झोपली होती. ती जागी झाली नाही.