सुंदरपेठेची जागा

मेंढरं चुन्याच्या रेघांवरच बसली. आठ महिने रानोमाळ पाय तुडवून आलेली, त्यांना रेघांशी काय देणंघेणं? मुंजाजीनं पुढच्या मेंढीला काठीनं ढोसलं. ती नाराजीनं उठली, चार पावलं सरकली आणि दुसऱ्या रेघेवर जाऊन बसली. नदीकाठचा हा उंचवटा कळपाच्या ओळखीचा होता. दर साली पावसाळ्याच्या तोंडावर कळप परत फिरला की आपणहून इथं यायचा, कारण चारी बाजूंनी चिखल झाला तरी इथली जमीन सुकी राहायची.

उंचवट्यावरच्या खोपटांतून सुंदरराव पाटील बाहेर आले. बरोबर तहसिलीतून आलेला गिरदावर होता, जमिनी मोजणारा. त्याच्या काखेत कागदांचं बाड होतं.

ही खोपटं मुंजाजीच्याच हातची. गेल्या साली नदीपलीकडच्या गावात घरोघरी उंदीर पडायला लागले, प्लेगनं माणसं जायला लागली, तेव्हा पाटलाएवढा माणूस चालत त्याच्याकडे आला होता. "मुंजा, चार महिन्यांपुरती जागा दे. लेकरं जगू दे," म्हणाला होता. मुंजाजीनं त्याच दिवशी मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळली. रतनबाईनं, त्याच्या बायकोनं, पाटलांच्या घरच्या बायकांबरोबर खोपटं शाकारली. मग कळप घेऊन दोघं नेहमीपेक्षा लवकर वाटेला लागली. आता प्लेग सरून सहा महिने होऊन गेले होते आणि एकही खोपट उतरलं नव्हतं. उलट नवी उठली होती.

"मुंजा, बरा आलास," सुंदरराव म्हणाले. "सायबाला एवढंच सांग. ही जागा तुझी हाय का?"

मुंजाजीनं दोन्ही कान पकडले.

"न्हाई मालक. माझी कशी आसंल? मेंढरांची हाय."

गिरदावर खो खो हसला. "मेंढ्यांची! पाटील, लिहायचं काय मी?"

"बेमालक लिहा साहेब. पडीक, बेमालक. आमचीबी न्हाई."

गिरदावरानं लिहिलं. मुंजाजीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि कळप तेवढा रेघांवरून उठवायला सांगितलं.

उंचवट्याखालच्या सखल काठावर रतनबाईनं दगड लावून चूल मांडली होती. घडलेलं तिनं ऐकून घेतलं.

"कावून न्हाई म्हणलात?"

"बसल्या जागेला आपली म्हणतेत का आपल्यात?"

"ते सायबाला काय ठाव?"

"पाटलास्नी ठाव हाय की," मुंजाजी म्हणाला.

पाटलांना चांगलंच ठाऊक होतं. दोघं एका वयाचे. आठेक वर्षांचे असताना याच उंचवट्यावर खेळाच्या भरात मुंजाजी 'ही जागा माझी' म्हणाला होता आणि बापानं त्याच्या थोबाडीत दिली होती. मेंढरं जिथं बसतात ती जागा माणसानं आपली म्हणायची नाही, म्हटली की कळप आटतो, अशी त्यांच्या घराण्याची रीत. तेव्हा रडणाऱ्या मुंजाजीचं नाक सुंदररावांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसलं होतं. म्हणजे उत्तर काय येणार हे माहीत असूनच त्यांनी विचारलं होतं. गिरदावराला विचारू दिलं नाही, स्वतः विचारलं. वैऱ्यानं जागा घेतली असती तर तो चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्या रात्रीची भाकरी त्यानं कुत्र्यापुढं टाकली.

बेमालक जागेवर पेठ वसवायची परवानगी सरकारातून आली आणि पेठ भराभर वाढली. आधी तेल्याचा घाणा आला, मागून कापडवाले आले. नेकनूरचा रस्ता बाजूनंच जात असल्यामुळं सोमवारचा बाजार नदी ओलांडून इकडे आला. खोपटांच्या जागी मातीची धाब्याची घरं, त्यांतल्या काहींना दगडी जोती, मग चावडी, उर्दू शाळा. कपिलधारच्या यात्रेला जाणारी माणसं मुक्कामाला थांबू लागली. सुंदरपेठ हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचारलं तर सुंदरराव लाजल्यासारखं करून म्हणत, "लोकांनीच ठेवलं, आपण काय बोलणार?" पेठेचा इतिहासही तेच सांगत. ओट्यावर तक्क्याला टेकून पाहुण्यांना ऐकवत, "इथं काय व्हतं? नुसत्या बोरी-बाभळी. लांडगे हिंडायचे दिवसाढवळ्या." मेंढरांचा त्यात उल्लेख नसे.

मेंढरं मात्र दर साली यायची. वेशीजवळ कळप पोचला की पुढची मेंढी बाजाराकडे वळायची आणि मुंजाजीला तिला बडवून सखल काठाकडे न्यावं लागायचं. आपल्याच जनावराला त्याच्याच जागेवरून हाणायचं. तिकडच्या ओलीनं खूर सडायचे. पहिल्या पावसाळ्यात सात कोकरं गेली, पुढच्यात अकरा. नवव्या साली दीडशेच्या कळपातली साठ मेंढरं उरली होती.

त्याच साली एका दुपारी सुंदरराव स्वतः सखल काठावर आले. चिखलात जोडे काढून हातात घेतलेले. मुंजाजीनं घोंगडी अंथरली. ते बसले आणि पायांचा चिखल काडीनं खरवडू लागले.

"मुंजा, माझ्या घरावर संक्रांत आलीय."

पेठेत तहसिलीची कचेरी बांधायचं ठरलं होतं. कचेरीला मधली जागा हवी होती आणि मधल्या जागेवर सुंदररावांचं नवंकोरं चिरेबंदी घर उभं होतं. कागद उघडले तर त्यात जागा बेमालक. बेमालक ती सरकारची.

"जुनी साक्ष तुझी हाय. परवा जिल्ह्याचा तालुकदार येतोय. तू म्हण, ही जागा पाटलांच्या बापाची, त्यांच्या परवानगीनं आमी मेंढरं बसवायचो. तवा घाबरून बोललो, म्हण."

मुंजाजीनं जवळच्या कोकराचा खूर हातात घेतला.

"फुकट न्हाई सांगत. इहिरीपलीकडचा तुकडा देतो. सुका हाय, उंच हाय. तुझ्या नावावर, कागद करून."

ते गेल्यावर रतनबाई म्हणाली, "घ्या की."

"नाव घ्यावं लागंल जागेवर. आधी त्यांचं, मग माझं."

"नाव घेतल्यानं मरत न्हाईत मेंढरं. चिखलानं मरत्यात. नऊ सालं मोजतीय मी." तिनं चुलीतलं लाकूड आत ढकललं. "म्या कोकरं पुरलीत, तुमच्या रीतीनं न्हाई पुरली."

दोन दिवस तो कळपात बसून खूर साफ करत राहिला. तुकडा सुका होता, ती म्हणत होती ते खरं होतं. आणि नऊ वर्षांत पाटील एकदाही या काठावर आले नव्हते, हेही खरं होतं.

चावडीपुढं पेठ लोटली होती. तालुकदार वयस्कर, चष्मा लावलेला, घाई नसलेला माणूस होता. त्यानं जुना कागद समोर धरला.

"अंगठा तुमचा?"

"जी."

"आता नीट आठवून सांगा. पेठ व्हायच्या आधी ही जागा कोणाची होती?"

सुंदररावांनी खाकरल्यासारखं केलं. मुंजाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, झोप लागत नसावी. क्षणभर त्याला त्यांची दया आली.

"मेंढरांची," तो म्हणाला.

लोक हसले. तालुकदार हसला नाही.

"मुंजा!" सुंदरराव उठून उभे राहिले. "साहेब, हा अडाणी हाय. त्याला समजलं न्हाई तुमी काय इचारलं ते."

"समजलं मालक. आमच्यात बसल्या जागेला माणसाचं नाव घेत न्हाईत. तुमास्नी ठाव हाय."

तालुकदारानं चष्म्यावरून पाटलांकडे पाहिलं. "अशी काही रीत आहे यांच्यात? तुम्हाला माहीत होती?"

सुंदररावांनी तोंड उघडलं. होय म्हणावं तर नऊ वर्षांपूर्वी विचारलं कशाला, हे सांगावं लागणार होतं. नाही म्हणावं तर मुंजाजी समोर उभा होता. चावडीवर सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते हातातल्या उपरण्याचं टोक पिळत होते.

"हाय," शेवटी ते पुटपुटले. "रीत हाय."

"म्हणजे जागा बेमालकच, सरकारची. लिहा," तालुकदार म्हणाला, आणि कारकून लिहू लागला. मुंजाजीनं अंगठा दिला, शाई घोंगडीला पुसली आणि तो बाहेर पडला.

बाजारात गलका चालू होता. रतनबाई एकटी कळप घेऊन वेशीपाशी आली होती आणि एकटीला तो आवरला नव्हता. साठच्या साठ मेंढरं पाटलांच्या चिरेबंदी घरापुढं, ओट्यापर्यंत पसरून बसली होती. कापडवाला हातात गज घेऊन ओरडत होता.

रतनबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"इहिरीपलीकडचा तुकडा?"

"गेला."

पदरानं तिनं डोळे कोरडे केले.

मागून सुंदरराव आले. एवढ्या वेळात त्यांची चाल म्हाताऱ्याची झाली होती. घराच्या दारापर्यंत जायला त्यांना वाट नव्हती.

"उठव त्यांना, मुंजा," ते हळू म्हणाले.

मुंजाजीनं काठी उचलली, मग खाली आडवी ठेवली आणि पुढच्या मेंढीशेजारी मातीत बसला.

"बसा मालक तुमीबी," तो म्हणाला. "लई वर्सांनी सुक्यात बसलीत. उठतील त्यांच्या मनानं."