मूर्तिजापूरच्या पुढचा डाव

मी एक जुनं, दोन तोंडांचं घड्याळ आहे. दोन तोंडांचं म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. बुद्धिबळाच्या पटाशेजारी बसायचं तर दोन तोंडं लागतातच. एक या खेळाडूचं, एक त्या खेळाडूचं. चाल झाली की ज्या हातानं सोंगटी हलवली त्याच हातानं माझ्या डोक्यावरचं बटण दाबायचं. मग दाबणाऱ्याचं तोंड थांबतं आणि समोरच्याचं चालू होतं. वेळ संपत आली की काटा एक लाल निशाण हळूहळू वर उचलतो आणि बारावर पोचला की ते खाली पडतं. पडलं की तो गडी हरला, पटावर त्याचं कितीही चांगलं चाललेलं असो. मी कुणाची बाजू घेत नाही. या बाबतीत माझा स्वभाव जरा कडकच आहे.

माझं अंग शिसवी रंगाच्या लाकडाचं, पोटात पितळी चाकं आणि पाठीवर दोन किल्ल्या. अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या एका खेळाच्या दुकानात मी शटलच्या डब्यांमागे धूळ खात पडलो होतो. तिथून मला धम्मदीपनं उचललं. तो बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नुकताच लागला होता. घरी नेऊन त्यानं मला जुन्या बनियनच्या कापडानं पुसलं आणि टीव्हीवर ठेवलं. त्या घरात टीव्हीवर जागा मिळणं हा मोठा मान होता.

धम्मदीपला वेड होतं डावाच्या पहिल्या चालींचं. खेळणारे त्यांना ओपनिंग म्हणतात. ड्युटी सुटली की तो पट मांडायचा, दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचा आणि शेजारी चहावर साय धरायची. त्याचं सर्वांत लाडकं ओपनिंग ऐका. दुसऱ्याच चालीला आपलं एक प्यादं समोरच्याला देऊन टाकायचं आणि तो ते खाईपर्यंत आपण हल्ल्याची तयारी करायची. प्यादं देताना त्याचा चेहरा असा खुलायचा की जणू पोरीच्या लग्नात पंगत वाढतोय.

रविवारी तो मला पिशवीत घालून पॅसेंजरनं अकोल्याला जायचा. तिथं खुशालराव राहायचे. ते कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, वयानं थोरले. एका स्पर्धेत त्यांनी धम्मदीपला हरवलं आणि हरलेल्या पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं म्हणून जेवायला घरी नेलं. तेव्हापासून हा रविवार सुरू झाला. त्यांची बायको मैनाबाई बेसनाच्या पातोडीचा रस्सा करायची आणि जेवणानंतर पट मांडला जायचा.

आता खरं सांगतो, धम्मदीप एकदाही जिंकला नाही. ओपनिंग त्याला बडनेरा लाईनीच्या स्टेशनांसारखं पाठ. टाकळी, कुरुम, माना असं धडाधड खेळायचा, माझं बटण तर दाबलं न दाबलं असं करायचा. पण पाठ केलेलं संपलं की गाडी थांबायची. मग तो डोकं धरून बसायचा आणि माझ्यावरच्या त्याच्या तोंडाचा काटा फुकट पळायचा. खुशालराव पान लावत विचारायचे, "आलं का बावा तुहं मूर्तिजापूर?" अर्ध्या वाटेवरचं ते स्टेशन. त्यापुढं धम्मदीपला रस्ता ठाऊक नसायचा. एकदा तरी मूर्तिजापूरच्या पुढं जाऊन खुशालभाऊला हरवायचं, एवढंच त्याला आयुष्यात बुद्धिबळातून हवं होतं.

मग खुशालरावांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणंही जड झालं. दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्याच रविवारी धम्मदीप मला घेऊन हजर झाला. जेवणाआधीच पट मांडला आणि मला नेहमीच्या जागी, खुशालरावांच्या उजव्या हाताला ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं प्यादं हलवलं आणि पटावरून अंग वळवत माझ्याकडे हात आणू लागले.

"राहू द्या भाऊ, मी दाबतो तुमचं बटन," धम्मदीप म्हणाला आणि त्यानं दाबलंसुद्धा.

मला ते अजिबात आवडलं नाही. आजवर कुणी दुसऱ्याचं बटण दाबलं नव्हतं. पण पुढं तर कहरच झाला. त्या दिवशी धम्मदीपनं आपलं लाडकं ओपनिंग खेळलंच नाही. उगाच इकडेतिकडे सोंगट्या सरकवल्या आणि एक घोडा सरळ खुशालरावांच्या वजिरासमोर नेऊन ठेवला. खुशालराव बराच वेळ त्या घोड्याकडे पाहत राहिले.

"धम्मा, तू प्यादं देतं तवा बदल्यात काही मांगतं," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "हा घोडा कायले देला?"

धम्मदीप घोडा परत घ्यायला गेला.

"माह्या हाताले लकवा झाला, डोक्याले नाई. जाय घरी."

मैनाबाई रस्सा वाढून घ्या म्हणत होती, पण धम्मदीप न जेवताच निघाला. येताना पिशवी मांडीवर घेऊन तो रडला, मी आतून ऐकलं. त्याचं मन चांगलं होतं हो. पण चांगल्या मनानंच त्यानं घाण केली होती.

त्यानंतर मी कपाटात गेलो. जुन्या स्वेटरखाली, दार बंद. रविवार आला की पॅसेंजर स्टेशनातून सुटल्याचा भोंगा ऐकू यायचा आणि आम्ही दोघं घरीच असायचो. धम्मदीपची मुलगी पायल म्हणायची, "पप्पा, मोबाईलवर खेळा नं, कोणीबी भेटते." तो म्हणायचा, "मले कोणीबी नाई पाह्यजे." माझ्या पोटातलं तेल घट्ट झालं. चालत्या वस्तूला नुसतं ठेवून दिलं की ती आतून आवळत जाते, मित्रांनो. मला फार एकटं वाटायचं.

एके दिवशी मैनाबाईचा फोन आला. "धम्मदीपभाऊ, हे रोज पट मांडून बसून राह्यले. डाव्या हातानं मांडते, सोंगट्या पडते, पुन्हा उचलते. तुमी या."

"वहिनी, त्यायचा राग नाई गेला का?"

"नाई गेला. म्हनूनच तं बोलावून राह्यली."

धम्मदीपनं मला बाहेर काढलं, शिलाई मशीनचं तेल घातलं, किल्ली दिली. मी खाकरलो आणि चालू लागलो.

अकोल्याला पोचल्यावर त्यानं या वेळी मला उचलून खुशालरावांच्या डाव्या हाताशी ठेवलं. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. धम्मदीपनं पहिली चाल केली आणि दुसऱ्याच चालीला आपलं प्यादं देऊन टाकलं. खुशालरावांच्या तोंडाची एक बाजू हसली.

काय डाव झाला तो! धम्मदीपनं सगळा जीव ओतून हल्ला केला. खुशालरावांनी तो परतवला. "आलं का मूर्तिजापूर?" त्यांनी विचारलं. "आलं भाऊ," धम्मदीप म्हणाला, आणि तरीही खेळत राहिला. पटावर शेवटी खुशालरावांचंच बरं होतं, पण डावा हात हळू चालायचा आणि त्यांचं लाल निशाण वर उचललं गेलं होतं. माझी स्प्रिंग म्हातारी आहे. तेवढ्यात जरा अडखळलो असतो तर मला कुणी नाव ठेवलं नसतं. माझा त्या माणसावर जीव होता. पण मी अडखळलो नाही.

निशाण पडलं. खुशालराव पटाकडे पाहत होते, त्यांना ते दिसलं नव्हतं. समोरच्यानं बोलून दाखवलं तरच ते धरलं जातं, तो नियमच आहे. धम्मदीपनं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहिला असता तर डाव पुढं चालला असता.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमचं निशाण पडलं."

मैनाबाई दारातच थबकली. खुशालरावांनी मान वळवून ते पडलेलं निशाण नीट पाहिलं. मग डावा हात पटावरून पुढं केला आणि धम्मदीपचा हात घट्ट धरला.

"आज आला तू," ते म्हणाले, "अकोल्यापावतर."

मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं कुणी असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याची कीव करू नका. त्याला त्याची वेळ मोजू द्या आणि हरायचं तर हरू द्या. मला किल्ली द्यायला दोन हात लागतात, एकानं धरायचं आणि एकानं पिळायचं. आता दर रविवारी धम्मदीप मला धरतो आणि खुशालराव डाव्या हातानं किल्ली देतात.