हाताचं वळण

“ताई, दाबू नका. नुसतं टेकवा,” सायली म्हणाली.

इंदुताईंनी पुन्हा टेकवलं. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी. मधल्या तीन बोटांचे नुसते खुंट उरले होते. अंगठा काचेवर आडवा पडे, करंगळी वळत नसे, म्हणून त्यांनी खुंट टॅबलेटवर टेकवला आणि हवी ती चौकट सोडून शेजारच्या चौकटीत ‘पास’ उमटलं.

“म्हंजी फाटका माल पास झाला की! पूस आधी ते,” इंदुताई म्हणाल्या.

निघोज्याच्या शिवारातली ती रबराचे पार्ट करणारी कंपनी. गाडीच्या दारातून वायरी जातात, त्यांच्यावर बसणाऱ्या रबरी नळ्या तिथं तयार होत. इंदुताई एकवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. डाव्या हातानं नळी ताणून दिव्यासमोर धरायची, आणि उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात अडकवलेल्या, चिंधी गुंडाळलेल्या पेन्सिलीनं कागदावर खूण करायची. बोटं त्याच्याही आधी गेली होती, भोसरीतल्या कुठल्याशा शेडमधल्या प्रेसखाली. त्यावर त्या कधी बोलत नसत. बोलत त्या मालावर. त्यांनी नको म्हटलेली नळी गेटबाहेर जात नसे.

प्रॉडक्शनचे रणजीतसर बाजूला उभे राहून हे पाहत होते. माणूस वाईट नव्हता. “ताई, कस्टमरला सगळं टॅबवर पाहिजे. सोमवारपासून कागद बंद. तुम्ही पॅकिंगला बसा ना. पगार तोच, आणि आरामाचं काम आहे.”

“मी आराम मागितला व्हता का, साहेब?”

सरांनी नजर वळवली. “सोमवारपर्यंत जमलं तर बघू.”

सायली क्वालिटीतली नवी इंजिनिअर. तिनं दुसऱ्याच दिवशी चाकणच्या बाजारातून काचेवर चालणारं पेन आणलं. इंदुताईंनी ते बेचक्यात धरलं, तर पेन्सिलीसारखं घट्ट न बसता ते गुळगुळीत पेन फिरलं आणि टोक दिव्याकडे! ते खाली काचेवर आणायचं तर कोपर कानापर्यंत उचलावं लागे. शंभर नळ्या होईस्तोवर खांदा भरून आला.

“पेन चांगलाय गं,” त्या म्हणाल्या, “पर त्यो चार बोटांच्या माणसासाठी केलाय. ह्यो वाकला पायजे. मला पायजे तिथं वाकायचा आन् तिथंच ऱ्हायचा.”

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या टूलरूममध्ये गेल्या. तिथले फिटर हिंदुराव साताऱ्याकडचे, बोलायला कमी. इंदुताईंनी स्वतःच बाद केलेली एक बारीक नळी त्यांच्यापुढे ठेवली. “ह्यात मऊ तार घाला, भाऊ. तळव्याभवती एक वेढा, मंग मान, मंग खाली उतार.” त्यांनी खडूनं टेबलावर आपला हात रेखला आणि त्यावर रेघ ओढून दाखवली.

हिंदुरावांनी ॲल्युमिनियमची तार घालून दिली. हातात झकास बसली, पण काच ढिम्म. सायलीनं समजावलं, काचेला माणसाच्या अंगातली वीज कळावी लागते आणि रबर ती अडवतं.

“सगळं रबर न्हाई अडवत,” इंदुताई म्हणाल्या. “चार नंबर लाइनीचं काळं रबर येगळ्या रॅकला का ठेवत्यात? त्यातनं करंट जातो म्हनून.”

सायली त्यांच्याकडे बघतच राहिली. कॉलेजात शिकलेलं तिला आठवलं नव्हतं, बाईंना रॅक आठवला होता.

काळ्या रबराचं टोक, काळ्याच रबराची नळी. शुक्रवारी काच बोलू लागली. शनिवारी दुपारी तार तुटली.

“झालं!” हिंदुराव म्हणाले. “वाकवून वाकवून तुटणारच की तार.”

इंदुताईंनी तुकडा फेकला नाही. रोज नळी बघत तसा तो भिंगाखाली धरला. “तार वाईट न्हाई, भाऊ. जागा वाईट हाय. सारखी टोकाच्या कडेलाच मोडतीय. आपल्या नळीची मान जाड आन् निमुळती का असती? दार उघडून-मिटून वायर एका जागी मोडू नये म्हनूनच ना?”

हिंदुरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग दोन तारा एकत्र पिळायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत त्या पेनला जाड, निमुळती मान आली.

सोमवारी पहिल्या शिफ्टला रणजीतसर घड्याळ लावून टेबलाशी उभे राहिले. डाव्या हातात नळी, उजव्या हाताला वेढलेलं काळं, वाकडं पेन. खूण नेमकी त्याच चौकटीत पडत होती. ताईंनी बाद केलेली एक नळी सरांनी उचलली. “ही तर ठीक दिसतेय, ताई.”

इंदुताईंनी ती ताणून दिव्यापुढे धरली. केसाएवढी चीर उघडली. सरांनी घड्याळ बंद केलं. “टेबल तुमचंच,” ते म्हणाले आणि निघून गेले.

सायलीनं त्या पेनचं रीतसर ड्रॉइंग केलं. खालच्या कोपऱ्यात रचनाकाराच्या नावाची चौकट होती. “पूर्ण नाव सांगा, ताई.”

“हिंदुरावांचं लिव्ह.”

“मी तार पिळली,” हिंदुराव म्हणाले. “आखलं ह्यांनी.”

इंदुताई ताठ बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “इंदुबाई. दत्तोबा. येळवंडे.” लिहून झाल्यावर त्यांनी सायलीला ते दोनदा वाचायला लावलं.

आठवड्याभरानं भट्टीवरचे नानासाहेब त्यांच्या टेबलाशी येऊन घुटमळले. “ताई, तसलं एक मला बी व्हईल का? नातीचा फोन येतो, तर एका हातात धरला की उचलाया दुसऱ्याला बोलवावं लागतं.”

“हात आना हिकडं.”

त्यांनी डावा हात पुढे केला.

“त्यो न्हाई. दुसरा.”

नानासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. भाजून आक्रसलेली बोटं तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती. त्यांनी तोंड फिरवलं. इंदुताईंनी दिवा जवळ ओढला, तो हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून नीट पाहिला.

“सैल सोडा. घाई न्हाई,” त्या म्हणाल्या आणि मनगटापासून तार वळवायला लागल्या.

नानासाहेबांनी हळूहळू मान वळवली आणि तेही आपल्या हाताकडे बघू लागले.