निळ्याची वही

पट्टी काढल्यावर मावशीला आधी दिसला तो डॉक्टरीणबाईंच्या कोटाचा पांढरा. त्यात कुणीतरी निळ्याचा एक थेंब सोडला असावा, असा पांढरा. तिला त्यातलं कळत होतं. सूत रंगवण्याच्या कारखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि त्यातली शेवटची पंधरा उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीत. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि टाकीतून काढलेल्या सुताची लड ती तिथे शेजारी-शेजारी धरायची, "झालं" म्हणायची, आणि मगच माल पुढे जायचा. कारखान्यात लहानमोठे सगळे तिला मावशीच म्हणत.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला होता, डाव्यातला तीन महिन्यांनी निघणार होता. पण उजव्याला सूज आली आणि आठवड्याच्या रजेची पाच आठवड्यांची रजा झाली. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला लिहून दिला.

ते पाच आठवडे मावशीने झोपेत काढावेत तसे काढले. नवरा बस चालवून निवृत्त झालेला. तो घड्याळ बघून दर चार तासांनी दारात उभा राही. "चला, थेंबांची गाडी सुटतेय. मान मागे!" थेंब पडले की खोली विरघळायची आणि हळूहळू परत जमायची. मग मावशी एकेक डोळा मिटून बघत बसे. डाव्या डोळ्याने बघितलं की भिंती चहा सांडून वाळल्यासारख्या. उजव्याने बघितलं की त्याच भिंती पहाटेच्या, थंड, कुणी नुकत्याच धुऊन ठेवल्यासारख्या. अंथरुणावरून न उठता ती तासन्‌तास या दोन खोल्यांमधून ये-जा करी.

"काय डोळे मिचकावतेस सारखी?" नवरा म्हणाला. "या वयात मला नको हो लाजवू."

"अहो, तुमचा शर्ट निळा आहे!"

"मग? दोन वर्षं तोच घालतोय."

"मला राखाडी वाटायचा."

तो हसला. मावशीने त्याची बाही ओढून उजव्या डोळ्याजवळ धरली. शर्ट तिनेच निवडून आणला होता.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी ती कामावर रुजू झाली. दारातल्या कारकून बाईने दाखला मोठ्याने वाचला, "कामावर रुजू होण्यास हरकत नाही. आणखी पंधरा दिवस वाफ व भुकटी यांपासून दूर राहावे." मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "वाफ नको, भुकटी नको. मावशी, इथे दुसरं आहेच काय? नुसतं तोंड दाखवायला आलात की काय?"

"तोंड बरं दिसत असेल तर बघून घे," मावशी म्हणाली.

तिला वहीखान्यात बसवलं. तिथे दरवर्षीच्या जाडजूड वह्या होत्या. प्रत्येक पानावर डावीकडे गिऱ्हाइकाच्या नमुन्याचा धागा, उजवीकडे कारखान्याने रंगवलेल्या सुताचा धागा आणि खाली मावशीची सही. भिंतीपलीकडे टाक्या खदखदत होत्या, त्यांचा आवाज लांबच्या समुद्रासारखा येत होता. मावशीने गंमत म्हणून गेल्या वर्षीची निळ्याची वही उघडली आणि डावा डोळा मिटला.

पहिल्या पानावरचे दोन धागे एकमेकांचे नव्हते.

डावीकडचा जांभळाकडे झुकणारा, उजवीकडचा मळकट, विझलेला. खाली तिची ठसठशीत सही. तिने पान उलटलं. तेच. आणखी एक. तेच. तिने डोळा बदलला आणि दोन्ही धागे मुकाट्याने एक झाले. परत बदलला, परत वेगळे. त्याआधीच्या वर्षाच्या वहीतही तेच; त्याहून जुन्या वहीतले मात्र जुळत होते. दोन वर्षांचे निळे तिने चुकीचे पास केले होते. मग एकाही गिऱ्हाइकाने माल परत कसा पाठवला नाही?

तेव्हा तिला दिसलं की सहीच्या खाली, पानाच्या अगदी कोपऱ्यात, तिसरा एक धागा चिकटवलेला आहे. नखाएवढा. त्याच्याजवळ सही नाही, तारीख नाही. तो मात्र नमुन्याशी तंतोतंत जुळत होता. सगळ्या निळ्या पानांवर तसाच एकेक धागा.

तिने तोळामाशाला बोलावून घेतलं. रंगाच्या भुकट्या वजन करून देणारा हा माणूस, चाळिशीचा, वाऱ्याने उडेल असा. म्हणून सगळे त्याला तोळामासा म्हणत. अकरा वर्षांपूर्वी मावशीनेच त्याला हाताखाली घेतलं होतं.

"हे कुणी केलं?"

तो वहीकडे बघत म्हणाला, "तुम्ही 'झालं' म्हणून निघून गेलात की मी लड परत टाकीत घालायचो. चिमूटभर जांभळा, कधी त्याहून कमी. फक्त निळ्यांना. बाकी तुमचे सगळे बरोबर यायचे."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"रंग बघायला मला तुम्ही शिकवलंत, मावशी. तुम्हाला दिसत नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"तोंडाने नाही तर हाताने सांगायचंस! दोन वर्षं मी इथे नुसती बाहुली होते. सगळे हसत असतील."

"कुणाला माहीत नाही. आणि हे धागे तुम्हाला कधीतरी दिसावेत म्हणूनच चिकटवले. नाहीतर कशाला चिकटवले असते?"

मावशी रागाने उठली, पण जायला जागा नव्हती. दारापलीकडे वाफ होती. ती पाठ करून उभी राहिली. त्या पाच आठवड्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी रडायला मनाई केली होती, तेव्हा रडू एकदाही आलं नव्हतं. आता डाव्या डोळ्यातून आलं, मग उजव्यातूनही. तोळामासा घाबरला. "मावशी, डोळ्याला चालतं का हे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुझं खरं नाव काय रे?"

त्याने सांगितलं. तिने पेन घेतलं आणि पहिल्या पानावरच्या नखाएवढ्या धाग्याखाली ते नाव लिहिलं. मग दुसऱ्या पानावर. दुपारपर्यंत ती लिहीत होती.

दुपारी ती वही घेऊन देखरेख करणाऱ्या साहेबांकडे गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पानं चाळत राहिले. "मग आता काय करायचं?"

"डावा डोळा होईपर्यंत खिडकीत आम्ही दोघं उभे राहू. मी पुन्हा रजेवर गेले की सही त्याची. परत आले तरी निळ्यांना त्याची."

पंधरा दिवस सरले. सोमवारी सकाळी तोळामासा गडद निळ्याची ओली लड काठीवर टाकून खिडकीत घेऊन आला. बाहेर ढग होते, उजेड दुधासारखा मऊ आणि सगळीकडून सारखा येत होता. लडीतून पाणी ठिबकत होतं, प्रत्येक थेंब आधीच्यापेक्षा फिका. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"जांभळा कमी वाटतोय," तो म्हणाला.

"वाळू दे."

"एक चिमूट?"

"अरे, वाळू दे."

लडीचं टोक हळूहळू वाळायला लागलं. निळा वरून खाली उतरत गेला आणि त्याच्यामागून, कुणी दार जरासं लोटावं तसा, जांभळा आला. नमुना शेजारीच होता. दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि दुसऱ्याने आधी म्हणावं म्हणून दोघंही थांबले.