डाव्या अंगाची मूठ

सन दोन हजार चोवीस, एप्रिल महिन्याची अठरा तारीख, गुरुवार, सकाळचे अकरा; स्थळ उत्तर कन्नड जिल्हा, जोयडा तालुका, नंदिगड्डे पंचायतीच्या हद्दीतील, डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले एक कौलारू घर. या घराला पाच खिडक्या होत्या, आणि त्यांपैकी दोन बंद करण्याचे कोणतेही साधन वर सांगितलेल्या वेळी घरात उरलेले नव्हते. घराची मालकीण केशर माजघरात मधोमध उभी होती. तिला बसवत नव्हते. बसले तर मागचे झाड दिसत नसे, आणि उभे राहिले तर ते दिसे. दोहोंपैकी कशाने भीती अधिक वाटते याचा तिला अजून निर्णय करता आलेला नव्हता.

झाड सावरीचे होते. घराच्या मागे दोनशे पावलांवर ते उभे होते आणि त्याच्या आडव्या फांद्यांना यंदा आग्या मोहोळाची नऊ पोळी लागली होती. दोन वर्षांपूर्वी काजू वेचताना केशरला दोन आग्यामाश्या डसल्या होत्या. दोनच. पाव तासात तिच्या अंगभर गांधी उठल्या, जीभ जड झाली, घसा आतून आवळत गेला आणि जीपमधून दांडेलीला पोहोचेपर्यंत एकेक श्वास तिने विहिरीतून कळशी ओढावी तसा ओढला. डॉक्टरांनी तिला बरे करून पाठवले, पण पाठवताना गोळ्यांची पट्टी हातात देऊन बजावले की पुढच्या खेपेला एक माशीसुद्धा पुरे होईल. डंख बसताच गोळी गिळून निघायचे, आणि पहिला अर्धा तास सुखरूप गेला तरच जीव सुटला असे समजायचे. नंदिगड्ड्याहून दांडेली अर्ध्या तासात येत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि केशरलाही.

तेव्हापासून खिडक्या हेच तिचे चिलखत झाले होते. पण बारा वर्षांच्या वापराने काच बसवलेल्या लोखंडी झडपांच्या मुठी झिजल्या होत्या. मुठीची जी जीभ चौकटीच्या खाचेत अडकून झडप आवळून धरते, ती निम्मी उरली होती. झडप लावली तरी बोटभर फट राही. त्या फटीत केशर चिंध्या कोंबी, वारा त्या चिंध्या काढी, आणि रात्रंदिवस तिचे कान त्या फटीपाशी लागलेले असत. अखेर तिने नवऱ्याला निक्षून सांगितले की शेजारचा धाकलू मे महिन्यात मध काढून पोळी हलवील तेव्हा हलवील, त्याआधी मला नव्या मुठी पाहिजेत.

नवरा परशुराम सुपा धरणाच्या वीजघरात तीस वर्षे फिटर होता. कामात हयगय त्याला माहीत नव्हती. त्याने जुन्या मुठीच्या दोन भोकांमधले अंतर, जिभेची लांबी, पत्र्याची जाडी, सारे एका पुठ्ठ्यावर लिहून घेतले आणि रामनगरहून पाच मुठी आणल्या. आज पहाटे त्याने पाचही झडपा उघडून आकड्यावर अडकवल्या, चौकटी कानशीने घासल्या, त्यांना रंगाचा हात दिला, आणि गंजलेले स्क्रू फिरेनात म्हणून करवतीच्या पात्याने त्यांची डोकी छाटून पाचही जुन्या मुठी उतरवल्या. एक काढा, एक बसवा, असे केशरने दोनदा सुचवले होते. पंगतीत एकेक पान वाढून उठवतात काय, असे विचारून त्याने ती सूचना निकालात काढली होती.

पुढच्या तीन खिडक्यांना मुठी चपखल बसल्या. चौथी, म्हणजे स्वयंपाकघरातली, बसेना. पुढच्या झडपांच्या बिजागऱ्या उजवीकडे होत्या. मागच्या दोन झडपांच्या, स्वयंपाकघरातल्या आणि निजायच्या खोलीतल्या, डावीकडे. खिडकीच्या मुठी डाव्या अंगाच्या आणि उजव्या अंगाच्या वेगवेगळ्या मिळतात, ही एवढीच गोष्ट पुठ्ठ्यावर लिहायची राहिली होती. आणलेल्या पाचही मुठी उजव्या अंगाच्या होत्या. मागच्या झडपेला त्या सरळ लावल्या तर जीभ चौकटीकडे पाठ करी. उलट्या लावल्या तर मूठ आपल्याच भाराने खाली येऊन जीभ खाचेतून निसटे. परशुरामने पुष्कळ वेळ त्या मुठीशी वाद घातला. दुकानदाराने विचारायला नको होते काय, असे त्याने भिंतीला विचारले. मग दोन मुठी खिशात घालून, बदलून तीनपर्यंत परततो म्हणून तो स्कूटरकडे गेला. तीन वाजेपर्यंत केशरने थांबायचे तरी कुठे? आतल्या खोल्यांना दारे नव्हती, नुसते पडदे होते. लपायला जागा नव्हती हे तोही जाणत होता.

स्कूटर सुरू झाली नाही. तो दुसऱ्यांदा लाथ मारत असताना केशरला निजायच्या खोलीच्या खिडकीतून सावरीवर एक घार उतरताना दिसली. पोळ्यातल्या आळ्या खाणारी ती घार या दिवसांत नेहमी येते. तिने पंख मिटले, खालच्या पोळ्यावर झडप घातली आणि तुकडा घेऊन ती घराच्याच दिशेने उडाली. क्षणभर काहीच झाले नाही. मग फांदीखालचे काळे पोळे वितळल्यासारखे ओघळले, आणि ओघळता ओघळता हवेत पसरले. आवाज नंतर आला. तो कानांना नव्हे, दातांना ऐकू आला.

केशर पुढच्या दाराशी गेली आणि आवाज न चढवता एवढेच म्हणाली, "अवं, माश्या."

परशुरामने स्कूटर सोडली ती आडवी पडली. ओट्यावरचे गोणपाट डोक्यावर ओढून तो घराला वळसा घालून मागे धावला. बाहेर उघडणारी झडप बाहेरून ढकलून लावता येते. त्याने स्वयंपाकघराची झडप लोटली आणि वाळवणाचा बांबू तिला टेकवला. मग तो निजायच्या खोलीकडे आला आणि झडपेला खांदा लावला. झडप हलली नाही. तिला उघडी धरणाऱ्या आकड्यावर पहाटेचा रंग ओघळून सुकला होता, आणि तो आकडा झडपेच्या आतल्या अंगाला, गजांना लागून होता. झडपेमागून त्याचा हात तिथे पोहोचत नव्हता.

"केशर, आकडा वर उचल," तो बाहेरून म्हणाला.

केशर निजायच्या खोलीच्या पडद्याशी परतली होती; खिडकी तिच्यापासून चार पावलांवर होती. पाय मात्र फरशीत पुरल्यासारखे झाले होते. काचेवर कोणी मूठमूठ वाटाणे फेकावेत तसे आवाज येऊ लागले. तिला काजूची बाग आठवली, जीपचे छत आठवले, ओढून ओढून घेतलेला तो श्वास आठवला. आपण पळावे, असे तिच्या मनात आले. पण पळायचे तरी पडद्यामागेच. इतक्यात बाहेर परशुराम दबलेल्या आवाजात कण्हला. थोड्या वेळाने पुन्हा कण्हला. तो जागचा हलत नव्हता. झडपेला खांदा देऊन, उघड्या फटीपुढे पाठ करून तो तसाच उभा होता. आणि आकडा उचलला जाईपर्यंत तो तसाच राहणार, हे तीस वर्षांच्या संसारानंतर तिला कोणी सांगायला नको होते.

ती चार पावले चालली. डोळे मिटून तिने उजवा हात गजांतून बाहेर घातला, आकडा चाचपला आणि वर उचलला. सुकलेला रंग सुटेना. तिने दुसरा हिसका दिला, आणि तेवढ्यात मनगटावर काहीतरी टोचले. बारीक, खोल, ओळखीचे.

आकडा सुटला. झडप आदळून लागली. केशरने पडद्याची नाडी ओढून घेतली, मुठीच्या रिकाम्या भोकांतून ती ओवली आणि गजाला आवळून गाठ मारली. गाठ मारून झाल्यावरच तिने मनगटाकडे पाहिले. तांबूस फुगवटी होती आणि तिच्या मधोमध एक काळा ठिपका.

"बांधलं मी," ती काचेतून म्हणाली. "या आत."

परशुराम आत आला तेव्हा त्याच्या मानेवर सात डंख होते. त्यांकडे त्याने हातही नेला नाही; बायकोने पुढे केलेले मनगट पाहून तो गोळ्यांची पट्टी शोधू लागला. गोळी तिने आधीच गिळली होती. फोनला घरात रेंज नव्हती, रेंज मिळे ती रस्त्यावर, आणि रस्ता व दार यांच्या मध्ये सारे अंगण घोंगावत होते. आता अर्धा तास बसून राहण्यावाचून दुसरे काही करण्यासारखे नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चोवीस मिनिटे झाली होती.

पहिल्या पाच मिनिटांत तिला घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटले. तिने आवंढा गिळला, तो गेला. पुन्हा गिळला. जीभ जड झाली की काय हे पाहण्यासाठी ती हळू आवाजात माहेरच्या माणसांची नावे घेऊ लागली. मानेला खाज सुटली, ती गांधीची की घामाची हे कळेना. परशुराम तिच्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहत होता. तिचे ओठ सुजले आहेत काय, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसे, आणि तो विचारीत नसल्यामुळे तिची भीती दुप्पट होई.

"एक काढा, एक बसवा म्हटलं हुतं मी," केशर म्हणाली.

"व्हय."

"दोनदा म्हटलं हुतं."

"व्हय. दोनदा."

तेवढे बोलून होताच तिला श्वास पुरेनासा झाला. ती उठून उभी राहिली, गज धरला, आणि तोंड उघडून हवा ओढू लागली. घड्याळाप्रमाणे डंखाला एकोणीस मिनिटे झाली होती. मागच्या खेपेला एवढ्या वेळात डोळ्यांपुढे अंधारी आली होती. म्हणून आता ती अंधारीची वाट पाहू लागली, आणि वाट पाहता पाहता ती येतेही आहे असे तिला वाटू लागले.

दारावर काठी वाजली. दोन वावरे पलीकडे राहणारा धाकलू घोंगडी पांघरून आला होता. हातात ओल्या पाल्याची धुमसती जुडी, आणि त्या धुराच्या आड तो अंगण ओलांडून आला होता. लहानपणापासून मध काढणारा तो कुणबी. घार झाडावर उतरलेली त्याने शेतातून पाहिली होती. त्याने आधी परशुरामची मान न्याहाळली.

"मानेचा फणस झाला की रे फिटर," तो म्हणाला. मग त्याने केशरचा चेहरा पाहिला आणि थट्टा तिथेच सोडून दिली.

परशुरामने त्याला घडलेले सांगितले. धाकलूने केशरला पुढच्या खिडकीपाशी उजेडात बसवले आणि मनगट आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतले. माशी पाहिलीस काय, एवढे त्याने विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. हात झडपेच्या आड होता, तिने डोळे मिटले होते. धाकलूने तिच्या बांगडीला अडकवलेली पिन मागून घेतली, काळ्या ठिपक्याच्या कडेने कातडी उचलली आणि काहीतरी बारीक आपल्या अंगठ्याच्या नखावर काढून ठेवले. ते त्याने उजेडाकडे धरले. चमकले. नांगीला पिकल्या केळ्यासारखा वास असतो, म्हणून त्याने ते हुंगले आणि परशुरामकडे पाहिले.

"चौकट कानशीनं घासलास तू?"

परशुरामने होकारार्थी मान हलवली. त्याच्या खिशात अजून स्क्रूड्रायव्हर होता, पडलेले स्क्रू उचलणाऱ्या चुंबकी टोकाचा. धाकलूने तो मागितला आणि टोक नखाजवळ नेले. नखावरचा कण उडून टोकाला चिकटला. तिघेही त्याच्याकडे पाहत राहिले. बाहेरचा आवाज अजून ओसरला नव्हता.

धाकलूने मनगट सोडले, पिन पुसून परत दिली आणि म्हणाला, "नांगी न्हवं ही, वैनी, लोखंड हाय. धनुर्वाताचं इंजेक्शन घे. मरत न्हाईस तू."