किलोमागे पन्नास ग्रॅम

मी वजनकाटा बोलतोय. तबकडीवाला, पाठीला गंज चढलेला. आणि आधीच सांगून टाकतो, मी खोटारडा आहे.

जन्माचा नव्हे हो! कारखान्यातून निघालो तेव्हा अगदी चोख होतो. पण कांदे-बटाट्याच्या दुकानात आलो आणि मालकानं एका दुपारी शटर ओढून माझी स्प्रिंग सैल केली. तेव्हापासून मी किलोमागे पन्नास ग्रॅम जास्तच दाखवायचो. गिऱ्हाइकं भावावरून हुज्जत घालायची, माझ्याकडे मात्र कुणी वाकून बघायचं नाही. पुढे दुकानात विजेवरचा काटा आला आणि मी घरी माळ्यावर पडलो.

मला खाली काढलं ते ठमीसाठी. ठमी म्हणजे मालकाची तान्ही लेक. नाव ठमी, पण अंगावर मूठभर मांस नाही. जन्मली तीच वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूलाही फट. दूध ओढताच यायचं नाही तिला. आई तिला उभी धरून चमच्यानं थेंब थेंब पाजायची, त्यातलंही निम्मं नाकातून बाहेर. एका वाटीला तास लागायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाच किलोची करून आणा, मग ओठ शिवू."

"अहो, तुमचा जुना काटा काढा ना. घरीच वजन करत जाऊ."

"राहू दे गं, धूळ खातोय तो," मालक पुटपुटला.

तिनं स्टुलावर चढून स्वतःच मला उतरवलं, पुसलं, पारड्यात दुपटं अंथरलं. "बघा, साडेतीनच्या वर गेलीसुद्धा!" बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसली. मालकानं तोंड उघडलं आणि मिटलं. हसणाऱ्या बायकोला काय सांगणार, याच काट्यानं मी लोकांना लुबाडत होतो म्हणून?

दर रविवारी ती दाराच्या मागे पेन्सिलनं आकडा लिहायची. पाच झाले त्या दिवशी तिनं ठमीला कडेवर घेऊन घरभर गिरक्या घेतल्या. दुसऱ्याच दिवशी बॅग भरून तिघं दवाखान्यात गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. तिथं वजन भरलं पावणेपाच. ऑपरेशनची तारीख दुसऱ्या बाळाला गेली.

"वाटेत ओकली ना, म्हणून उतरली. मीच नीट पाजलं नाही," आई सारखं तेच म्हणत होती. आणि भरून काढायला म्हणून घाईघाईनं चमच्यावर चमचा पाजत सुटली. ठमीला ठसका लागला. श्वास अडकला, चेहरा निळा पडला. मालकानं झडप घालून तिला पालथी घेतली, पाठीवर थापट्या मारल्या. ती रडली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

"तू नाही चुकलीस," मालक जमिनीवरच बसला. "काटा खोटा आहे. मीच केलाय."

आई उठली. तिनं ओल्या फडक्यानं दारामागचे सगळे आकडे पुसले.

त्यानंच मला दुरुस्त केलं. आता मी खरं दाखवतो. तरी दर रविवारी ती आधी माझ्यावर किलोचं माप ठेवते, सुई नीट निरखते, मगच लेकीला ठेवते. नवरा शेजारी उभा असतो. त्याच्याकडे ती बघत नाही.

आज चार किलो नऊशे भरले. ठमे, शंभर ग्रॅम राहिलेत गं. तेवढे तुझे तूच भर बाई, माझ्याकडून आता एक ग्रॅमही मिळायचा नाही.