ब्राह्मी बेदाण्याचं लेबल

माझा धाकटा दीर गोमटेश माणूस चांगला, पण समोरच्यावर विश्वास ठेवायचा म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. पलूसजवळ त्याचं बेदाण्याचं शेड आहे. यंदा त्यानं ठरवलं की माल मोकळा विकायचा नाही, छोट्या बॉक्समधून विकायचा. नाव त्याच्या लेकीचं, ब्राह्मी बेदाणा. आता बॉक्स आला म्हणजे लेबल आलं. मी म्हटलं, लेबल मी करते.

तो हसला. "वैनी, तुमी क्लास केला ते ठीक हाय. पन ह्ये छापायचं असतंय."

मला असलं हसणं खपत नाही. पन्नाशीनंतर क्लासला जाऊन डिझाइन शिकले ते काय लोकांना सुप्रभात पाठवायला? मी हटून बसले. शेवटी तो म्हणाला, गुरुवारी संध्याकाळी सांगलीचा प्रेस बंद व्हायच्या आत फाइल पोचली तर काम तुमचं, नाहीतर प्रेसवाला त्याचं तो करेल. हे त्यानं सगळ्या घरासमोर सांगितलं. त्यामुळं आता माघार नव्हती.

आमचा कॉम्प्युटर म्हणजे खरं तर लेकाचा, अतिशयचा. तो साताऱ्याला नोकरीला गेला आणि गेम खेळायला घेतलेलं ते धूड मागं राहिलं. आत भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. स्क्रीनवर चित्र उमटवायचं काम ते करतं. आम्ही शिखरजीच्या यात्रेला जाऊन आलो त्या सगळ्या काळात ते बंदच होतं. आल्यावर सुरू केलं, लेबल निम्म्यावर आलं, आणि स्क्रीनवर रंगीत पट्टे यायला लागले. मग अंधार. मग परत उजेड, आणि कोपऱ्यात निरोप की डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता पुन्हा सुरू झालाय. असं दर थोड्या वेळानं.

गुरुवारी दुपारी मी अतिशयला फोन लावला. तो म्हणाला, "आई, ड्रायव्हर खराब झालाय. जुना काढ, नवा घाल. पण घाई करू नको."

ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलायचं कसं हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम, एवढं मला ठाऊक होतं. माझे मिस्टर, मदन, दारात उभं राहून ऐकत होते. "काढशील आनि मग काईच दिसायचं न्हाई," ते म्हणाले. "दिसतंय तेवढं तरी राहू दे."

"आवं, तुम्ही चहा घ्या," मी म्हटलं.

आधी लेबल पेन ड्राइव्हवर घेतलं, म्हणजे उद्या कॉम्प्युटर गेला तरी काम जाणार नाही. मग रिस्टोर पॉइंट करून ठेवला, काही बिनसलं तर मागं यायला वाट. मग कार्डाचं नेमकं नाव शोधून कंपनीच्या साइटवर गेले. तिथला नवा ड्रायव्हर आमच्या म्हाताऱ्या कार्डाला ओळखतच नव्हता, म्हणून जुन्यातला शोधून उतरवला. मग अतिशयनं सांगितलं की नेटची वायर काढ, नाहीतर विंडोज मधेच त्याच्या मनाचा ड्रायव्हर घालून बसेल. वायर काढली. जुना ड्रायव्हर त्याच्या फाइलींसकट काढून टाकला, तशी अक्षरं एकदम जाडीभरडी झाली. मदननी मान हलवली. मी तिकडं बघितलंच नाही. बंद करून चालू केलं, उतरवलेला घातला, परत बंद, परत चालू. आणि स्क्रीन कशी आली म्हणता? काचेसारखी लख्ख.

आम्हा जैनांत जेवण दिवस मावळायच्या आत. त्या दिवशी तर मदननी स्वतः ताट वाढून हाक मारली, यातच सगळं आलं. मी घाईघाईनं दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. लेबलावरच्या द्राक्षाच्या घडाला सावली देत होते आणि पट्टे आले. मग अंधार.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन आलं. उद्यापासून गोमटेश प्रत्येक सणाला सांगणार होता, वैनींनी लेबल केलं असतं पण.

मदन जवळ आले. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला. "अगं, ह्ये तव्यागत तापलंय. आत बघितलंस का?"

आत कशाला बघेन? कॉम्प्युटरच सांगत होता ना, ड्रायव्हर म्हणून. मी बंद केला, प्लग काढला आणि दोघांनी मिळून ते धूड भिंतीपासून फिरवलं. भिंतीकडची बाजू उघडीच होती. गरम होतं म्हणून अतिशयनंच ती कधीतरी काढून ठेवली होती. बॅटरी मारली तर कार्डावरच्या पंख्याला चिकटून मातीचं घर. खिडकीतनं येऊन कुंभारीण माशीनं बांधलेलं, दोन खोल्यांचं, आत अंडी घालून तोंडं लिंपून बंद केलेलं. पंखा फिरणार कसा? तो फिरत नाही, कार्ड तापतं, तापलं की बंद पडतं. ड्रायव्हर बिचारा उगाच बोलणी खात होता.

कॅबिनेट उघडायला घेतलेला स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होताच. एक खरवडा मारायचा की झालं.

"थांब," मदन म्हणाले. "आत जीव हाय."

"आणि माझं लेबल?"

"हाय की. पन जीव हाय."

मी चिडले. "द्राक्षबागेत औषध मारता तेव्हा जीव नसतात?"

त्यांनी बॅटरी त्या घरावर धरली. मग हळूच म्हणाले, "असत्यात. तितं मला दिसत न्हाईत. ह्यो दिसला."

कणकेत किडा निघाला तर मीच तो कागदावर घेऊन अंगणात सोडते. हातातला स्क्रू ड्रायव्हर मला नकोसा झाला. आणि मग डोक्यात आलं, की खरवडायचं राहू दे, एवढे दिवस त्याला भाजतंय कोण? मीच की. स्विच मीच लावत होते.

परत अतिशयला फोन. तो आधी हसला, मग माझा आवाज ऐकून थांबला. म्हणाला, "आई, कार्डच काढून ठेव. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, स्क्रीन जोडायचं स्वतःचं आउटपुट असतं. मागं वरच्या बाजूला त्यावर टोपण असेल बघ."

टोपण होतं, ते काढलं. कार्डाचा स्क्रू काढला, खटका दाबला आणि कार्ड घरासकट अलगद उचललं. मदननी ते दोन्ही हातांनी धरलं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. मी स्क्रीनची वायर तिकडं लावली. नेट जोडलं, मदरबोर्डच्या चित्राचा साधा ड्रायव्हर घातला. कॉम्प्युटर सुस्तावला, घड इकडून तिकडं न्यायला जांभई देत होता, पण पट्टे नाहीत. सावली दिली, अक्षरं सारखी केली, पाठवून दिलं. प्रेसवाल्याचा निरोप आला, मिळालं, बंदच करत होतो. मी खुर्चीतच मागं टेकले.

पुढच्या आठवड्यात गोमटेश एक गठ्ठा बॉक्स घेऊन आला. लेबल उठून दिसत होतं. "प्रेसवाला इचारत होता, कुनी केलं म्हनून," तो म्हणाला. पुढं त्यानं काय उत्तर दिलं ते मात्र सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

खिडकीतल्या त्या घरावर एका पालीचा डोळा होता. मदननी गठ्ठ्यातला पहिला बॉक्स घडी घालून उभा केला, कार्ड त्यात ठेवलं आणि वर जाळीचं फडकं टाकलं. माझ्या लेबलाच्या पहिल्या बॉक्समध्ये बेदाणा नाही, बिऱ्हाड गेलं. मी रोज उठले की आधी तिथं जायचे. माती तशीच बंद. भाजलं असेल, माझ्या हट्टापायी भाजलं असेल, हे डोक्यातनं जाईना. अतिशय म्हणायचा, आता साफ कर आणि कार्ड बसव. मी हूं म्हणायचे.

परवा सकाळी दूध तापत ठेवून गेले, फडकं उचललं आणि काहीतरी ऐकू आलं. बॉक्सला कान लावला. आतनं कोणीतरी माती कुरतडत होतं, बारीक, थांबून थांबून.

मी मदनना हाक मारली. ते आले, दुसऱ्या बाजूनं त्यांनी कान लावला. दोघं तसेच बसलो. मला परत रडू आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही. दारात गोमटेश येऊन उभा राहिला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला एक बॉक्स न्यायला.

"वैनी, दूध उतू चाललंय," तो म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं. "इकडं ये. कान लाव."